जहाजावर चढण्यापूर्वी

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील घरांचा दिवस पाळीच्या घड्याळावर चालतो. कोणाची पहिली पाळी, कोणाची दुसरी; कोणी कारखान्याच्या बसने जातो, कोणी लोणावळा लोकलने. इतके असूनही, किंबहुना इतके आहे म्हणूनच, या मंडळींच्या मनात एक समजूत नकळत घर करून बसते: एक वाहन चुकले तर पाठोपाठ दुसरे येतेच. लोकल चुकली तर पुढची मिळते, एस. टी. गेली तर खाजगी मोटार उभी असते. जमिनीवरच्या प्रवासाने लावलेली ही सवय समुद्रावरच्या प्रवासाला मात्र घातक ठरते. जहाजाच्या मागून दुसरे जहाज येत नाही.

अलीकडे मुंबईहून समुद्रपर्यटनाला, म्हणजे ज्याला सर्वत्र क्रूझ म्हणतात त्याला, जाणाऱ्या कुटुंबांत या पट्ट्यातील कुटुंबेही दिसू लागली आहेत. अशा एका कुटुंबाची कल्पना करावी. चिंचवडला राहते घर. मुलगा चाकणच्या कारखान्यात नोकरीला. सून, दोन शाळकरी मुले आणि सत्तरी ओलांडलेली आजी. तिकिटे काढून झाली आहेत. जहाज संध्याकाळी पाच वाजता सुटणार असे तिकिटावर छापले आहे. तेव्हा घरात पहिला विचार निघतो तो असा, की सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा सबंध दिवस मोकळाच आहे. मग वाटेवर काहीतरी पाहून का घेऊ नये? मुलांना लोणावळ्याला थांबायचे असते. आजीचा हट्ट निराळा. समुद्रावर पाय ठेवण्यापूर्वी कार्ल्याच्या एकवीरेला नमस्कार झालाच पाहिजे, असे तिचे म्हणणे. कोकणातील असंख्य घराण्यांची, विशेषतः कोळी समाजाची, ती कुलस्वामिनी. समुद्रावर जाताना तिची आठवण व्हावी, यात नवल काही नाही. शिवाय देऊळ वाटेवरच आहे.

इच्छा रास्त आहे, आणि ती पुरीही करता येते. परंतु त्या दिवशी नव्हे. तसे का, हे समजून घेण्यासाठी प्रथम जहाजाच्या वेळेचा हिशेब पाहिला पाहिजे.

जहाजाच्या तीन वेळा

जहाजाची वेळ एक नसते, तीन असतात. पहिली, जहाज सुटण्याची. तिकिटावर ठळक अक्षरांत असते ती. दुसरी, प्रवाशांना आत घेण्याचे दार बंद होण्याची. ही बहुधा सुटण्याच्या वेळेच्या तास-दोन तास आधीची असते. तिसरी, त्या त्या कुटुंबाला नेमून दिलेली हजेरीची वेळ. ही त्याहूनही आधीची. शेकडो माणसे एकाच घटकेला दाराशी आली तर तपासणी होणार कशी, म्हणून प्रवाशांची विभागणी करून प्रत्येकाला वेळ वाटून दिलेली असते. प्रवासी पहिली वेळ लक्षात ठेवतो आणि जहाजाची मंडळी दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेने चालतात. बहुतेक घोटाळ्यांचे मूळ इथेच आहे. पाच वाजता सुटणाऱ्या जहाजासाठी साडेचारला पोहोचणारा मनुष्य स्वतःच्या समजुतीने अर्धा तास लवकर आलेला असतो. धक्क्याच्या हिशेबाने तो तासभर उशिरा आलेला असतो.

दार इतके आधी का बंद होते, याला कारणे आहेत. प्रत्येक प्रवाशाचे ओळखपत्र पाहावे लागते. परदेशी जायचे असेल तर पासपोर्ट पाहून त्यावर निर्गमनाची नोंद व्हावी लागते. सामान यंत्रातून तपासले जाते. नंतर जहाजावर नेमके कोण कोण आहे याची यादी पक्की करून ती अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावी लागते. समुद्रात अपघात झाला तर किती जीव शोधायचे हे त्याच यादीवरून ठरते. यादी मिटल्यावर तीत नाव चढवणे म्हणजे सारे काम पुन्हा करणे.

आणि जहाजाने थांबावे म्हटले तरी ते एकट्या कप्तानाच्या हाती नसते. मोठे जहाज बंदराबाहेर काढण्यासाठी बंदराचा वाटाड्या, ज्याला पायलट म्हणतात, तो वर यावा लागतो. जहाजाला धक्क्यापासून ओढून वळवण्यासाठी टग नावाच्या बळकट नौका लागतात. आणि हे सर्व इतर जहाजांच्या येण्याजाण्याशी जुळवून ठरवलेले असते. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो, तेव्हा पाण्याचेही वेळापत्रक सांभाळावे लागते. धक्क्यावर अडून राहिलेल्या प्रत्येक तासाचा आकार बंदर वसूल करते, तो वेगळाच. पाच माणसांच्या एका कुटुंबासाठी ही सारी यंत्रणा खोळंबणार नाही, यात कठोरपणा नाही, निरुपायच आहे. विमान चुकले तर पैसे भरून दुसऱ्या दिवशी जाता येते. चुकलेले जहाज बहुधा सबंध सहल घेऊनच जाते, आणि पैसे परत मिळण्याची आशाही थोडीच.

पूर्वीची रीत

पूर्वीच्या लोकांना हे भान अधिक होते. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, पणजीकडे जाणाऱ्या आगबोटींच्या काळात कोकणचा चाकरमानी बोट सुटण्याच्या कितीतरी आधी वळकटी घेऊन भाऊच्या धक्क्यावर येऊन बसे. विलायतेच्या बोटी बॅलार्ड पिअरवरून सुटत. तेथे बोटीच्या प्रवाशांसाठी अगदी धक्क्याला लागून बॅलार्ड पिअर मोल नावाचे रेल्वेस्थानकच उभारलेले होते, आणि १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटीच्या हंगामात तेथूनच पेशावरकडे निघे. आगगाडी आणि बोट यांच्यामध्ये रस्ताच ठेवायचा नाही, हे त्या व्यवस्थेचे मर्म होते. जो भाग बेभरवशाचा तो काढून टाकायचा, म्हणजे चुकामूक होण्यास जागा राहत नाही.

ते स्थानक आता राहिलेले नाही. बॅलार्ड पिअर मात्र पुन्हा प्रवाशांनी गजबजू लागला आहे. मुंबईचे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल याच ठिकाणी बांधले गेले आणि २० सप्टेंबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते सुमारे दीड किलोमीटरावर आहे. एवढे एक अंतर पक्के ध्यानात ठेवावे. पुढचा सारा बेत त्याच्याभोवती उभा राहतो.

मधला घाट

चाकणहून बॅलार्ड पिअरपर्यंतचा रस्ता सुमारे दीडशे किलोमीटरांचा. नकाशावर तो एकसारखा दिसतो. प्रत्यक्षात त्याचे तीन भाग आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. पहिला भाग घरापासून द्रुतगती मार्गापर्यंतचा. चाकणच्या तळेगाव चौकात पाळी सुटण्याच्या वेळी अवजड वाहनांची जी दाटी होते, तिची ओळख तेथील रहिवाशांना करून देण्याचे कारण नाही. दुसरा भाग द्रुतगती मार्गाचा. २००२ साली पूर्णपणे खुला झालेला हा सुमारे ९४ किलोमीटरांचा मार्ग किवळ्यापासून कळंबोलीपर्यंत जातो. यातला खंडाळ्याचा घाट हा सबंध प्रवासाचा गळा आहे. तिसरा भाग कळंबोलीपुढचा. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा जवळपास २२ किलोमीटरांचा अटल सेतू खुला झाल्यापासून या भागाला एक चांगला पर्याय मिळाला आहे. तथापि मुंबईत शिरल्यावर शेवटच्या चार किलोमीटरांना किती वेळ लागेल, हे सांगणारा ज्योतिषी अद्याप जन्मास यायचा आहे.

घाटाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. कोकण आणि देश यांना जोडणारी ही चढण दोन शतके अभियंत्यांची परीक्षा घेत आली आहे. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली खुला झाला; रेल्वे १८६३ साली घाट चढली. त्या काळी चढ इतका कठीण वाटला, की गाडीची दिशा उलटवण्यासाठी मधोमध एक स्थानक ठेवावे लागले. नवा बोगदेमार्ग होऊन ते १९२९ साली बंद झाले. आज मोटार वीस-पंचवीस मिनिटांत घाट उतरते, म्हणून घाट संपला असे वाटते. तो संपलेला नाही. जुलै २०१५ आणि जुलै २०२३ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड रस्त्यावर आली. १३ जून २०२३ रोजी खंडाळ्याजवळ रसायन नेणारा टँकर उलटून पेटला; चार माणसे प्राणास मुकली आणि वाहतूक तासन्‌तास बंद राहिली. मुंबईहून क्रूझ निघतात त्या मुख्यतः पावसाळ्यानंतर, तेव्हा दरडीचे भय कमी खरे. पण त्याच दिवसांत नाताळ आणि सलग सुट्ट्या येतात, आणि वाहनांची रांग घाटमाथ्यापासून खालपर्यंत लागते. टँकर तर ऋतू पाहून उलटत नाही.

सहल कोणत्या बाजूला ठेवावी

आता मूळ प्रश्नाकडे येता येते. प्रवासात काही भाग बेभरवशाचा आहे आणि सहलीसाठी तीन तास काढायचे आहेत. हे तीन तास घाटाच्या अलीकडे खर्च करावेत, की पलीकडे?

वरवर पाहता दोन्ही सारखेच; तीन तास ते तीन तास. पण तसे नाही. कुटुंब घाटाच्या अलीकडे कार्ल्याला थांबले, दर्शन घेऊन अकराला खाली उतरले, आणि मग घाट दोन तास तुंबला, तर ते दोन तास कशातून वजा होणार? सहल तर होऊन गेली. ती परत देता येत नाही. ते दोन तास जहाजाच्या वेळेतूनच जाणार. उलट, कुटुंब आधी घाट उतरून मुंबईत पोहोचले आणि वाटेत दोनच काय, अडीच तास मोडले, तरी ते सहलीतून जातात. पाहायच्या चार गोष्टींपैकी तीन राहतात. जहाज मात्र राहत नाही. तात्पर्य, बंदराजवळ ठेवलेली सहल ही नुसती करमणूक नसून ती वेळेची शिल्लक आहे. अडचण आली तर ती खर्ची पडते, न आली तर आनंद देते. घराजवळ ठेवलेली सहल ही शिल्लक आधीच उडवून टाकते. अशा वेळी घाटात अडकलेल्या माणसाला जहाजही मिळत नाही आणि घाईघाईत घेतलेल्या दर्शनाचे समाधानही लाभत नाही. तेल गेले, तूप गेले, हाती राहिले धुपाटणे.

हाच नियम चाकणच्या माणसाला त्याच्या कामातून ठाऊक असतो. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला, आणि तेथे तयार झालेल्या हजारो मोटारी मुंबई बंदरातून मेक्सिकोसारख्या दूरच्या देशांना गेल्या. त्या मोटारी हाच घाट उतरून जातात. त्यांपैकी एकही मोटार जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी चाकणहून निघत नाही. ती आधी बंदरात पोहोचते आणि आवारात रांगेत उभी राहून जहाजाची वाट पाहते. मालाच्या बाबतीत जी दूरदृष्टी कारखाना दाखवतो, ती कुटुंबाच्या बाबतीत त्याच कारखान्यातील गृहस्थाने का दाखवू नये?

राहिला प्रश्न आजीच्या एकवीरेचा. त्याचे उत्तर सोपे आहे. प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात एक मोकळा दिवस काढून आजीला कार्ल्याला न्यावे. चढण शेकडो पायऱ्यांची. म्हातारपणी ती थांबत थांबतच चढायची असते. देवळाशेजारीच दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कोरलेला चैत्य आहे, भारतातील सर्वांत मोठा. त्याच्या छताला लावलेल्या मूळ लाकडी कमानी अजून शाबूत आहेत. लोखंडाच्या कारखान्यात काम करणाऱ्याने त्या अवश्य पाहाव्यात. हे सारे घड्याळाकडे डोळा ठेवून पाहण्यासारखे नाही. ओटी शांतपणे भरावी, नारळाचा प्रसाद घरी आणावा आणि त्यातला तुकडा जहाजावर नेण्याच्या पिशवीत ठेवावा. म्हणजे आजीच्या मनाला रुखरुख राहत नाही.

उलट्या क्रमाने हिशेब

प्रवासाच्या दिवसाचा हिशेब सकाळकडून संध्याकाळकडे मांडू नये. संध्याकाळकडून सकाळकडे मांडावा. ऐकणाऱ्याने हवे तर कागदावर टिपून घ्यावे. समजा, जहाज पाचला सुटते आणि दार साडेतीनला बंद होते. कुटुंबाला नेमलेली वेळ एक ते दोन आहे. मग धक्क्यावर दीडला पोहोचायचे. त्यासाठी जेवण साडेबाराला, तेही जवळपासच. म्हणून सहल सव्वाबाराला संपली पाहिजे. सहलीला दोन तास दिले तर ती सव्वादहाला सुरू व्हावी. म्हणजे दहापर्यंत मुंबईत पाय लागला पाहिजे.

दहाला मुंबईत पोहोचण्याचा चिंचवडकरांसाठी सर्वांत सरळ मार्ग आगगाडीचा. पुण्याहून सकाळी सहाच्या सुमारास सुटणारी सिंहगड एक्सप्रेस चिंचवडला थांबते आणि दहाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. गाडीची त्या दिवसाची नेमकी वेळ आदल्या दिवशी पाहून घ्यावी. गाडीला घाट चुकत नाही. पण रस्त्यावरची कोंडी चुकते, आणि उतरल्यावर धक्का दीड किलोमीटरावर असतो. याशिवाय एक लाभ असा, की मोटार तीन-चार दिवस मुंबईत कोठे उभी करायची ही विवंचना उरत नाही. मोटारीनेच जायचे ठरले, तर भाड्याची गाडी करून पहाटे पाचला निघावे. चाकणचा चौक त्या वेळी मोकळा असतो आणि घाट उजाडता उजाडता मागे पडतो.

या हिशेबात गाडीला दीड तास उशीर झाला तरी काय बिघडते? साडेअकराला उतरून सरळ जेवायला जायचे आणि दीडला धक्क्यावर हजर व्हायचे. सहल हुकली, जहाज नाही. परंतु जहाज सकाळी सुटणारे असेल, सोबत फार वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, अथवा सलग सुट्टीचा पहिला दिवस असेल, तर हा हिशेबही पुरेसा नाही. तेव्हा आदल्या संध्याकाळीच मुंबईत मुक्काम करावा. एका रात्रीचे भाडे ही उधळपट्टी नव्हे. सबंध सहलीचा तो विमा आहे.

दोन तासांत काय पाहावे

बंदराजवळ पाहण्यासारखे इतके आहे, की निवड करणे हेच काम. निवडीची कसोटी एकच ठेवावी: कोणत्याही क्षणी पाहणे थांबवून अर्ध्या तासात धक्क्यावर जाता यावे.

या कसोटीला घारापुरीची लेणी उतरत नाहीत. गेट वेपासून होडीने जायला सुमारे तास, यायला तास, वर शंभरावर पायऱ्या. शिवाय सोमवारी लेणी बंद. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परतीची होडी प्रवाशाच्या हाती नसते. एका जहाजाला गाठण्यासाठी दुसऱ्या होडीवर विसंबणे, हा शहाणपणा नव्हे. घारापुरी पाहायचीच, तर आदल्या दिवशी मुक्कामाला येऊन पाहावी. ती त्रिमूर्ती तेवढ्या मानाची आहेच.

दोन तासांच्या सहलीसाठी एक सुटसुटीत सूत्र आहे. जॉर्ज विटेट नावाच्या एकाच वास्तुविशारदाच्या हातच्या तीन कृती या परिसरात आहेत, आणि त्या जोडल्या की सहल आपोआप आखली जाते. पहिली, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी याची कोनशिला बसली. इमारत १९१४ साली तयार झाली. पहिल्या महायुद्धात तिचे लष्करी रुग्णालय झाले आणि १० जानेवारी १९२२ रोजी संग्रहालय लोकांसाठी उघडले. ते सकाळी सव्वादहाला उघडते, म्हणून आपल्या हिशेबात नेमके बसते. सारे पाहण्याचा मोह धरू नये. सिंधमधील मीरपूर खास येथील मातीच्या बौद्ध शिल्पांचे दालन आणि लघुचित्रांचे दालन, एवढी दोनच पाहिली तरी तास सार्थकी लागतो. आजीला बसायला सावली मिळते आणि मुलांना घुमट पाहून मान वर करायला निमित्त मिळते.

दुसरी कृती गेट वे ऑफ इंडिया. संग्रहालयापासून चालत दहा मिनिटांवर. १९११ साली पंचम जॉर्ज या ठिकाणी उतरले त्याचे हे स्मारक. पण कमान पुरी झाली ती १९२४ साली. राजाचे स्वागत करायला उभारलेल्या या दारातून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी जहाजावर चढण्यासाठी बाहेर पडली. समुद्रप्रवासाला निघालेल्या मुलांना ही एक गोष्ट तेथे उभे राहून सांगावी. इतिहासाचे पुस्तक जे पानभर सांगते ते त्यांना एका कमानीत दिसेल.

तिसरी कृती बॅलार्ड इस्टेट. ती तर धक्क्याच्या दाराशीच आहे. अलेक्झांड्रा गोदी, आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेल्या मातीदगडांचा भराव घालून ही जमीन समुद्रातून मिळवली गेली आणि १९१४ ते १९१८ या काळात तिच्यावर एकाच धाटणीच्या दगडी इमारती उठल्या. बॅलार्ड हे नाव मुंबईच्या पोर्ट ट्रस्टचे संस्थापक कर्नल बॅलार्ड यांचे. वेळ अगदीच थोडा उरला, तर बाकी सारे सोडून याच रस्त्यांवरून अर्धा तास फिरावे. सहल झाली नाही असे वाटणार नाही.

सामान आणि इतर तजवीज

सहलीचा खरा शत्रू सामान. मोठ्या पेट्या ओढत संग्रहालय पाहता येत नाही. आगगाडीने आलेल्यांना टर्मिनसवरच्या सामानघरात तिकीट दाखवून पेट्या ठेवता येतात. मात्र प्रत्येक पेटीला कुलूप असावे लागते, अन्यथा त्या घेतल्या जात नाहीत. भाड्याच्या मोटारीने आलेल्यांनी सामान गाडीत ठेवून सर्वांनी एकदम दूर जाऊ नये. ओळखपत्रे, पासपोर्ट, तिकिटांच्या प्रती, आजीची औषधे, चष्मा आणि मुलांचे एकेक जोड कपडे ही एका लहान पिशवीत असावीत, आणि ती पिशवी दिवसभर एकाच माणसाच्या खांद्यावर असावी. धक्क्यावर मोठ्या पेट्या हमालाच्या स्वाधीन होतात आणि खोलीत पोहोचायला त्यांना काही तास लागू शकतात. दुपारची गोळी त्या पेटीत राहिली, तर ती संध्याकाळीच हाती येते. देशांतल्या देशांत जायचे असले तरी लहान मुलांसह प्रत्येकाचे ओळखपत्र मुळातले लागते; घरून निघताना ते एकदा, आणि गाडीत बसल्यावर पुन्हा एकदा पाहावे.

जेवण हलके आणि ओळखीच्या पदार्थांचे असावे. जहाजावर पहिल्या रात्री ज्यांना मळमळते, त्यांतील काहींच्या दुःखाचे मूळ समुद्रात नसून दुपारच्या तळकट जेवणात असते.

राहिलेले पाहायचे कोठून

इतके करूनही काही राहून जाईल. गाडीला उशीर होईल, गेट वे हुकेल, मुले हिरमुसतील. त्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. बॅलार्ड पिअरवरून निघालेले जहाज समुद्राकडे जाताना दक्षिणेला वळते. डेकवर उजव्या हाताच्या कठड्याशी उभे राहिले, की गेट वे, त्यामागे ताजचा घुमट, मग कुलाब्याचा किनारा, आणि अखेरीस भूमीच्या टोकाशी १८७५ सालचा प्राँग्ज दीपस्तंभ, असे सारे एकामागून एक सरकत जाते. डाव्या हाताला लांब पाण्यात घारापुरीचे डोंगर दिसतात. ज्या बाजूने शहर पाहावे असे त्या कमानीच्या कर्त्याला वाटले, ती बाजू समुद्राची. आणि ती जमिनीवरून फिरणाऱ्याला कधीच दिसत नाही.

त्या कठड्याशी उभी असलेली आजी, तिने पदराच्या गाठीतून काढलेला कार्ल्याच्या प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा, आणि मागे पडत जाणारी मुंबई. हे दृश्य घडवून आणण्यासाठीच सकाळचा सारा हिशेब असतो. वाटेवरची गंमत एखादी कमी झाली तरी चालेल. आधी घाट ओलांडावा, मग सहल करावी, आणि दार मिटण्यापूर्वी धक्क्यावर असावे. इतके साधले, की उरलेला वेळ निश्चिंतपणे समुद्राच्या स्वाधीन करायला हरकत नाही.